तलवारीचा परवाना आणि वेसकराची काठी

खंडेनवमीच्या दिवशी गावात हत्यारांची पूजा होते. वाड्यावर तलवार निघते. वर्षभर फडक्यात गुंडाळून ठेवलेली, तेल लावलेली. तिला हळदकुंकू, झेंडूची माळ. त्याच दिवशी आपल्या वस्तीतही पूजा होते. पण तिथं पाटावर काय असतं? विळा, कुऱ्हाड, खुरपं, रापी, एखादी काठी. एकाच गावात, एकाच दिवशी, दोन तऱ्हेची हत्यारं. एक मारायचं, एक राबायचं. ही वाटणी कुणी केली? ती विलायतेहून आलेल्या साहेबानं केली काय?

हा प्रश्न मुद्दाम विचारतोय. अलीकडं आपली पोरंही बोलू लागलीत की, 'इंग्रजानं हत्यारबंदी केली, म्हणून हा देश षंढ झाला. तलवार बाळगणं हा आपला हक्क आहे.' असलं बोलणं ऐकलं की रक्त गरम होतं. पण रक्त गरम झालं म्हणून इतिहास खरा होत नाही. 'आपला हक्क' यातला 'आपला' म्हणजे कोण, हे आधी तपासलं पाहिजे. सातारा-सांगलीच्या मातीत ते तपासायला भरपूर जागा आहे.

१

हत्यारबंदीचा पहिला कायदा इंग्रजांचा नाही. तो मनूचा आहे. धर्म अडचणीत आला तर द्विजांनी शस्त्र धरावं, असं मनुस्मृती सांगते. शूद्रानं धरावं असं ती सांगत नाही. आणि शूद्राच्याही खाली ज्याला ढकलला, त्याचा तर प्रश्नच नाही. हा कायदा कुठल्या गॅझेटात छापला नव्हता. तो गावाच्या वेशीवर, विहिरीवर, चावडीवर रोज अमलात येत होता. त्याला परवाना नव्हता, अपील नव्हतं.

पण इथं एक गंमत आहे. ज्याला शस्त्राचा हक्क नाही, त्याच्यावरच गावाच्या रक्षणाचं ओझं! महार म्हणजे वेसकर. रात्री वेस लावायची, पहाऱ्याला बसायचं, परका माणूस गावात शिरला की पाटलाला वर्दी द्यायची, सरकारी खजिना एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवायचा, हद्दीचा तंटा झाला तर साक्षीला उभं राहायचं. आणि हातात काय? काठी. घुंगराची काठी. ती वाजली की वरच्या जातीच्या माणसाला कळावं, महार येतोय, बाजूला सरा. म्हणजे जी काठी चोराला भिववायची, तीच काठी त्याच्या विटाळाची दवंडी पिटायची. रक्षण त्याचं, अपमानही त्याचाच. वतन म्हणून त्याच्या गळ्यात घातलेलं हे लोढणं १९५८ च्या कायद्यानं वतनं खालसा होईपर्यंत सुटलं नाही.

रामोशांचंही तसंच. साताऱ्याच्या डोंगरी मुलखात गड राखायचे, घाट राखायचे, रखवालीचा हक्क घ्यायचा, हे रामोशांचं काम. त्यांच्या हातात तलवार होती, कारण राज्याला ती त्यांच्या हातात हवी होती. राज्य गेलं, गड ओस पडले, रखवालीचे हक्क बुडाले. मग तीच तलवार गुन्हा झाली. उमाजी नाईकाचं बंड याच दुखण्यातून उठलं.

तरीही शस्त्र शिकवणारी माणसं आपल्यात होती. पुण्यात लहुजी साळवे, लहुजी वस्ताद, तालीम चालवत. मातंग समाजातला हा माणूस. जोतीराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी त्यांच्याकडे शिकले. जोतीरावांचं मूळ घराणं आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं. माळ्याच्या पोराला मातंग वस्तादानं हत्यार शिकवलं, आणि त्याच पोरानं पुढं १८४८ ला शाळा काढली. हत्याराकडून पाटीकडं जाणारी ही वाट लक्षात ठेवा. पुढं ती पुन्हा येणार आहे.

२

आता इंग्रजांच्या हत्यारबंदीकडं येऊ.

१८४८ साली साताऱ्याचं राज्य कंपनीनं खालसा केलं. रंगो बापूजी गुप्ते विलायतेत वर्षानुवर्षं दाद मागत राहिले. दाद मिळाली नाही. १८५७ ला साताऱ्यात उठावाची तयारी झाली, फितुरी झाली, आणि सप्टेंबरात साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना ठार केलं. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी. त्यात रंगो बापूजींचा मुलगा होता, तसे रामोशीही होते. कारखानीस, चिटणीस, गुप्ते यांची नावं सभांतून ऐकू येतात. रामोशांची नावं कोण घेतं? मरताना जात आड आली नाही. आठवताना आली.

त्याच साली सरकारनं हत्यारांवर कायदा केला आणि मुलूखभर हत्यारं गोळा करायला सुरुवात केली. दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानांत, म्हणजे सांगली, मिरज, जत, मुधोळ अशी जी संस्थानं इंग्रजांच्या नजरेखाली होती तिथंही हुकूम गेला : हत्यारं जमा करा, नोंदवा.

बहुतेकांनी निमूट दिली. पण मुधोळ संस्थानातल्या हलगली नावाच्या खेड्यातल्या बेरडांनी दिली नाहीत. आज हे गाव कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. बेरड म्हणजे रामोशांचे जवळचे. शिकार, रखवाली आणि लढाई हेच त्यांचं जगणं. राजांच्या सैन्यात ते होते, गडावर ते होते. हत्यार म्हणजे त्यांची भाकरी आणि त्यांची इज्जत. कुणब्याचा नांगर काढून घ्या, आणि बेरडाची तलवार काढून घ्या. दोन्हींचा अर्थ एकच. त्यांनी ठरवलं, हत्यार देणार नाही.

नोव्हेंबर १८५७ ला इंग्रजांची फौज हलगलीवर चालून गेली. बेरड घराघरातून लढले. फौजेनं घरांना आगी लावल्या. माणसं मेली, शेकड्यांनी पकडली गेली. डिसेंबरात मुधोळला आणि हलगलीला मिळून एकोणीस जणांना फाशी दिलं. मुधोळच्या फाशीला बाजाराचा दिवस निवडला. का? चार गावचे लोक बघतील म्हणून. हत्यार ठेवलं तर काय होतं, हे बाजारात दाखवायचं होतं.

हलगलीची कहाणी कानडी लावणीत राहिली. पुढं फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानंच ती टिपून छापली. म्हणजे ज्यांनी मारलं, त्यांच्याच माणसानं नोंद ठेवली. आणि आपल्या मराठी इतिहासकारांनी? त्यांच्या सत्तावन्नच्या पुस्तकांत झाशी आहे, कानपूर आहे, बिठूर आहे. हलगली शोधावी लागते. हत्यारबंदीच्या विरोधात उघडउघड लढलेलं गाव एका 'खालच्या' जातीचं निघालं, ही अडचण झाली काय?

३

पुढं १८७८ साली लिटन व्हाइसरॉय असताना हत्यारांचा पक्का कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार ठेवायचं नाही, न्यायचं नाही, विकायचं नाही. पण या कायद्यात सूट होती. युरोपियनांना सूट. अँग्लो-इंडियनांना सूट. राजेरजवाडे, मोठे सरदार, किताबवाले यांनाही नियमांत सवलत. म्हणजे कायदा रंगाचा होता, तसाच वर्गाचाही होता. गोऱ्याला परवाना नको, राजाला नको. परवाना कुणाला? बाकीच्या सगळ्यांना. आणि कलेक्टर परवाना कुणाला देणार? ज्याचं घर मोठं, जमीन मोठी, ज्याची मामलेदाराशी ओळख, त्याला. जातीची वर्णव्यवस्था होतीच, तिच्यावर परवान्याची एक चढली.

कायदा झाल्यावर वर्षाच्या आत, १८७९ साली, वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केलं. त्यांच्याबरोबर लढायला कोण उभं राहिलं? रामोशी. दौलतराव नाईक त्यात मारले गेले. फडक्यांचं नाव 'आद्य क्रांतिकारक' म्हणून पाठ्यपुस्तकात गेलं. रामोशी 'टोळी' राहिले.

कायद्याविरुद्ध ओरड मोठी झाली. काँग्रेस जन्मली १८८५ ला, आणि १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून ती या कायद्याविरुद्ध ठराव करू लागली. पुण्याच्या वर्तमानपत्रांनीही टीका केली. पुढं १९१८ ला सैन्यभरतीसाठी खेड्यांतून फिरताना खुद्द गांधीजींनी लिहिलं, की इंग्रजांच्या सगळ्या कुकर्मांत राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इतिहासात सगळ्यात काळा ठरेल. अहिंसेच्या माणसानं हे लिहावं, ही साधी गोष्ट नाही.

त्यांची तक्रार खोटी होती, असं मी म्हणत नाही. गोऱ्याला सूट आणि हिंदी माणसाला परवाना, ही उघड बेइज्जती होती. १९१९-२० च्या सुमारास नियम बदलले तेव्हा रंगावरची ती सूट गेली, ती या ओरडीमुळंच. पण मित्रांनो, या सगळ्या ठरावांत, अग्रलेखांत एक गोष्ट सापडत नाही. 'या देशात एका मोठ्या समूहाला शास्त्रानं हजारो वर्षं निःशस्त्र ठेवलंय, ती बंदीही उठवा', असं त्यात सापडत नाही. साहेबानं माझी तलवार घेतली, हे दुःख. मी कुणाची घेतली, हे आठवत नाही.

४

त्याच काळात आपल्या माणसांची खरी हत्यारबंदी झाली. ती आर्म्स अ‍ॅक्टनं झाली नाही. ती भरतीच्या हुकमानं झाली.

कंपनीच्या मुंबई फौजेत महार फार होते. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला भीमेकाठी जे लढले आणि मेले, त्यांची नावं स्तंभावर आहेत. त्यातली बावीस नावं 'नाक' लागलेली, म्हणजे महारांची. पलटणीनं आपल्या माणसाला तीन गोष्टी दिल्या. हातात बंदूक, अंगावर वर्दी, आणि छावणीच्या शाळेत अक्षर. गावात जो सावलीनं विटाळायचा, तो पलटणीत हवालदार, सुभेदार झाला.

सत्तावन्ननंतर साहेबाचं गणित बदललं. 'लढाऊ जात' नावाचं नवं शास्त्र निघालं. कुणाचं रक्त लढाऊ, कुणाचं नाही, हे साहेब ठरवू लागला. वरच्या जातीचा शिपाई अस्पृश्य सुभेदाराचा हुकूम मानत नाही, ही अडचणही होतीच. साहेबानं जातीला शिस्त लावली नाही, जातीला शरण गेला. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद. मनूनं जे सांगितलं होतं, त्यावर लंडनचा शिक्का बसला.

या बंदीविरुद्ध आपली माणसं उठली. तलवार घेऊन नाही, अर्ज घेऊन. पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ ला अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० ला दख्खनच्या महारांच्या वतीनं थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडं अर्ज पाठवला : आम्हाला पोलिसात घ्या, पलटणीत घ्या, आम्ही माणसं आहोत. सुभेदार रामजी सकपाळांनीही या बंदीविरुद्ध न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली, असं चरित्रकार सांगतात.

हे रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर नोकरीसाठी साताऱ्यात आले. साताऱ्यातच भीमाबाई गेल्या. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाला. पुढच्याच वर्षी वडिलांना भेटायला भावंडांबरोबर मसूर स्टेशनावर उतरला, आणि गाडीवानानं जात कळल्यावर गाडी हाकायला नकार दिला. दुप्पट भाडं देऊन पोरांनी स्वतः गाडी हाकली, रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलीय. विचार करा. सुभेदाराची पोरं. अंगावर चांगले कपडे, खिशात पैसे. बापानं वर्षानुवर्षं पलटणीत चाकरी केलेली. पण मसूरच्या स्टेशनावर त्या सगळ्याची किंमत शून्य. बंदुकीनं मिळालेली इज्जत बंदूक खाली ठेवली की संपते, हे त्या नऊ-दहा वर्षांच्या पोरानं आपल्या सातारा जिल्ह्याच्या रस्त्यावर बघितलं.

दुसरी हत्यारबंदी त्याहून भयंकर. १८७१ ला 'गुन्हेगार जमातीं'चा कायदा झाला, १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही पसरला. आता हत्यार घ्यायची गरजच नव्हती, माणूसच जप्त. जन्मलेलं पोर गुन्हेगार. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. वारणेकाठच्या मांगांनी ही हजेरी भोगली. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी 'फकिरा'त ती मांडली. तो कायदा १९५२ ला रद्द झाला. माथ्यावरचा शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. चोरी कुठंही होवो, पोलिसाची गाडी अजून कुठल्या वस्तीकडं वळते ते सांगायला नको.

५

सातारा-सांगलीत सरकारची हत्यारबंदी उघड मोडली गेली ती बेचाळीसनंतर. सप्टेंबर १९४२ ला वडूज आणि इस्लामपूरला निघालेल्या मोर्चांवर गोळीबार झाला. निःशस्त्र माणसं पडली. मग भूमिगतांनी हत्यार उचललं. नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ पासून १९४६ पर्यंत या जिल्ह्यात चाललं. कुंडलला जी. डी. लाडांची तुफान सेना. जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेची पगाराची गाडी लुटली. जुलैत वसंतदादा आणि साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून, पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊन बाहेर पडले. कुणाचा परवाना आणि कुणाचा कलेक्टर! हा पराक्रम खरा आहे. आपण तो कमी लेखू नये.

पण त्यापुढचं पानही वाचलं पाहिजे. जानेवारी १९४८ च्या अखेरीस गांधीजींचा खून झाला, आणि याच सातारा, सांगली, कोल्हापूर भागात जमाव उठले. ब्राह्मणांची घरं गावोगाव जळाली. खून एकानं केला, शिक्षा जातीला झाली. जात म्हणून माणसाला शिक्षा करणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला कळतं? ज्याला ते कळतं, त्यानं त्या आगीत आनंद मानू नये. आणि एक धडा घ्यावा : हत्यार मोकळं सुटलं की ते न्यायाच्या हातात जात नाही, संख्येच्या हातात जातं. गावात संख्या कुणाची? आपली नाही.

त्याच साली, डिसेंबर १९४८ ला, घटना समितीत हा प्रश्न आला. हरि विष्णू कामथांनी दुरुस्ती मांडली, की हत्यार बाळगण्याचा हक्क हा नागरिकाचा मूलभूत हक्क म्हणून लिहावा. आधार काय? काँग्रेसचा १९३१ चा कराचीचा ठराव. त्यात हा हक्क होता. अर्थात कायद्याच्या नियमांना अधीन राहून, असंच त्यातही होतं. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनी ही दुरुस्ती नाकारली. त्यांचं म्हणणं असं होतं, की प्रश्न व्यक्तीच्या हत्यार बाळगण्याच्या हक्काचा नाही, कर्तव्याचा आहे. राज्यावर संकट येईल तेव्हा संरक्षणासाठी हत्यार धरायला राज्यानं प्रत्येक नागरिकाला बोलावता आलं पाहिजे.

इथं काही मित्र अडखळतात. म्हणतात, १९३६ ला 'जातिप्रथेचे विध्वंसन' लिहिताना बाबासाहेबच म्हणाले होते, की चातुर्वर्ण्यानं खालच्यांना हत्यारापासून तोडलं, म्हणून या देशात बंड झालं नाही. मग बारा वर्षांत बदलले काय?

बदलले नाहीत. तो भाग पुन्हा नीट वाचा. युरोपातल्या दुबळ्याकडं तीन हत्यारं होती, असं ते तिथं सांगतात. सैन्यात जाण्याची मोकळीक हे अंगाच्या बळाचं हत्यार, मत हे राजकीय हत्यार, शिक्षण हे नैतिक हत्यार. चातुर्वर्ण्यानं आपल्याला ही तिन्ही नाकारली. बघा, पहिलं हत्यार म्हणून त्यांनी घरात टांगलेली तलवार सांगितली नाही. सैन्यात जाण्याची मोकळीक सांगितली. १९४१ ला त्यांच्या प्रयत्नानं बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ते पहिलं हत्यार. १९५० च्या घटनेत प्रत्येकाला एक मत, ते दुसरं. मिलिंद, सिद्धार्थ ही कॉलेजं, ते तिसरं. आणि घराघरात तलवारीचा हक्क? तो हक्क आला असता तर पाटलाच्या वाड्यात दहा तलवारी आल्या असत्या, आपल्या झोपडीत एकही नाही. तलवारीलाही पैसा लागतो.

महाडलाही हेच झालं. २० मार्च १९२७ ला तळ्यावरून परतलेल्या आपल्या माणसांवर लाठ्या चालल्या. त्या गर्दीत पलटणीतून आलेले कसलेले महार होते. ते एका शब्दाची वाट बघत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. तो भ्याडपणा नव्हता. तो हिशेब होता. आपला लढा कायद्याच्या राज्यासाठी होता, आणि त्या दिवशी कायदा मोडणारे समोर उभे होते.

६

आता आजचं बोलू. कारण इतिहास हा पूजेला नसतो, वापरायला असतो.

१९५९ ला नवा हत्यार कायदा झाला, १९६२ ला लागू झाला. बंदुकीला परवाना सगळीकडं लागतो. तलवार, भाला, खंजीर यांचं पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असलं, की ते कायद्याच्या यादीत येतं, आणि जिथं सरकार अधिसूचना काढेल तिथं त्यालाही परवाना. शेतीची, घरकामाची हत्यारं यातून वगळलीत. म्हणजे ऊसतोडीचा कोयता कायद्यात बसत नाही, जोवर तो ऊस तोडतो. शिखांना कृपाणाचा हक्क घटनेच्या पंचविसाव्या कलमाच्या खुलाशात आहे. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ : जमावबंदी लागली की तलवार सोडा, काठीसुद्धा गुन्हा. मोर्चा काढणाऱ्या प्रत्येकाला हे कलम पाठ आहे.

याला विरोध करणारे आज म्हणतात, परंपरा आहे, सण आहे, मिरवणूक आहे. आपली पोरंही बघून बघून तेच करतात. वाढदिवसाला तलवारीनं केक कापतात, फोटो टाकतात. दुसऱ्या दिवशी पोलीस दारात. आर्म्स अ‍ॅक्टची केस. श्रीमंताच्या पोराला वकील मिळतो. आपलं पोर पोलीसभरतीची, लष्करभरतीची तयारी करत असतं, त्याच्या चारित्र्य पडताळणीत ती केस निघते. वलंगकरांनी, कांबळ्यांनी, रामजींनी ज्या दारासाठी अर्ज लिहिले, ते दार एका फोटोपायी बंद. पन्नास वर्षं झगडून उघडलेलं दार आपणच लावून घ्यायचं काय?

मग हात बांधून मार खायचा? मराठवाड्यात १९७८ ला नामांतरावरून वस्त्या जळाल्या, २००६ ला खैरलांजी झालं. तिथं कुणाच्या हातात हत्यारं होती? आणि कुणाच्या हातात नव्हती? हा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर कायद्यातच लिहिलेलं आहे, पण ते आपल्यातल्या फार थोड्यांनी वाचलंय.

अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याचे नियम १९९५ चे. त्यातला नियम तीन काढून बघा. अत्याचार होतात असा भाग राज्य सरकारनं हुडकायचा. तिथल्या बिगर-अनुसूचित माणसांचे हत्यारपरवाने रद्द करून हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा बंदुका जप्त करायच्या. आणि गरज वाटली तर अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जिवाच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी हत्यारांचे परवाने द्यायचे. वाचलंत? मनूनं जे उलटं लिहिलं होतं, ते इथं सुलटं लिहिलंय. या देशाच्या इतिहासात सरकारी कागदानं हे पहिल्यांदा मान्य केलं, की हत्यारांची वाटणी जातीवर झालेली आहे.

आणखी एक. १९५९ च्या कायद्यातलं कलम १४ सांगतं, की अर्जदाराकडं पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. नाकारला तर कारण लिहून ठेवावं लागतं, आणि वर अपील आहे. 'तुला बंदूक कशाला रे, तुझ्याकडं राखायला काय आहे?' असं कुणी म्हणालं, तर हे कलम पुढं ठेवायचं.

तेव्हा काम काय? आपल्या तालुक्यात वस्तीवर हल्ला झाला, बहिष्कार पडला, की नुसती फिर्याद देऊन थांबू नका. जिल्हाधिकाऱ्याला लेखी विचारा : नियम तीनखाली हा भाग जाहीर केला काय? आरोपींच्या घरातले किती परवाने रद्द केले? पोच घ्या. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात मागा. गावातल्या दहा बंदुका जमा करायला लावणं हे आपल्या एका बंदुकीपेक्षा मोठं काम आहे. बळी तो कान पिळी, ही गावाची रीत. बळ्याचंच बळ काढून घेणं, हे कायद्याचं काम. ते त्याच्याकडून करून घेणं, हे आपलं काम.

हलगलीचे बेरड हत्यार देत नाही म्हणाले आणि फासावर गेले. त्यांना मी मान वाकवून जयभीम करतो. त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतं. मत नव्हतं, शाळा नव्हती, कोर्ट नव्हतं. आपल्याकडं आहे. ती तिन्ही हत्यारं बोथट झाली असली तर धार आपणच लावायची आहे.

शेवटी पुन्हा वाटेगावच्या अण्णाभाऊंकडं येतो. वारणेच्या खोऱ्यातल्या मांगाच्या बंडाची, तलवारीची ती कादंबरी १९५९ ला आली. 'फकिरा' वाचून कुणाच्याही मुठी वळतात. पण पुस्तक उघडलं की पहिल्यांदा अर्पणपत्रिका लागते. ती बघा. तलवारीची ही गोष्ट तलवारीला अर्पण केलेली नाही. ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे.

अण्णाभाऊ दीड दिवस शाळेत गेले म्हणतात. त्यांना कळलं होतं.